जुन्या बुलेटचा कार्ब्युरेटर

कला शाखेच्या वार्षिकांकात मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरवर लेख, हे पाहून कुणी म्हणेल की हा विद्यार्थी वाट चुकला. पण उन्हाळ्याच्या सुट्टीतले पंधरा दिवस ज्या गोष्टीने खाल्ले आणि तर्कशास्त्राच्या पुस्तकापेक्षा जास्त तर्कशास्त्र जिने शिकवले, ती गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. शिवाय आपल्या वऱ्हाडात जुनी बुलेट, राजदूत किंवा येझदी गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेली घरे काही थोडीथोडकी नाहीत. त्यांपैकी एका जरी गाडीला या लेखाचा उपयोग झाला, तरी लिहिल्याचे सार्थक होईल.

आमची गाडी म्हणजे थोरल्या काकांची १९८६ सालची, ३५० सी.सी.ची बुलेट. काका गेले तेव्हापासून सहा वर्षे ती शेलूबाजारच्या घरी उभीच होती. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. काकू म्हणाल्या, “इकू नको बाबू. एकडाव तिचा आवाज आईकू दे, मंग पाहू.” त्या ‘मंग पाहू’ने मला कामाला लावले.

टाकीतले जुने पेट्रोल काढून नवे भरले, प्लग बदलला, पॉइंट घासले. वीस-पंचवीस किका मारल्यावर गाडी सुरू झाली. पण चोक ओढलेला असेपर्यंतच. चोक बंद केला की बंद. एका मिस्त्रीने सांगितले, “कार्ब्युरेटर संपला, नवा टाका.” खर्च ऐकून मी गाडी ढकलत घरी आणली आणि ठरवले की आधी हा कार्ब्युरेटर करतो काय ते समजून घ्यावे.

काम तसे एकच. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण राखणे. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. म्हणजे एका ओढीत जास्तीत जास्त ३४६ घन सेंटिमीटर हवा आत येते. तिचे वजन जेमतेम ०.४ ग्रॅम. तिच्या वाट्याला येणारे पेट्रोल ०.०३ ग्रॅमच्या आसपास. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर अशा १५०० ओढी होतात, आणि प्रत्येक ओढीला हे माप जमवायचे असते. पेट्रोल जास्त झाले तर मिश्रण दाट आणि कमी पडले तर विरळ, असे मी पुढे म्हणणार आहे.

हे माप कोणताही पंप न लावता साधते, यातच गंमत आहे. डॅनियल बर्नुली या शास्त्रज्ञाने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाहत्या द्रवाचा वेग आणि दाब यांचा संबंध मांडला. हवाही तोच नियम पाळते. कार्ब्युरेटरची नळी मध्यभागी चिंचोळी असते. तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. खाली वाटीत पेट्रोल असते, त्याच्यावर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब. या दोन दाबांतल्या फरकाने पेट्रोल छिद्रातून वर चढते आणि हवेत उडते. वाटीतली पातळी कायम राखायला फ्लोट असतो. पेट्रोल वाढले की तो वर येऊन नीडल वाल्व मिटवतो, उतरले की उघडतो. घरच्या पाण्याच्या टाकीतल्या तरंगत्या गोळ्यासारखाच हा प्रकार.

आमच्या गाडीवर मिककार्ब म्हणजे मिकुनी जातीचा कार्ब्युरेटर आहे. त्यात पेट्रोलला वर जायच्या वाटा एकाहून अधिक आहेत, आणि मूठ किती पिळली त्यावर कोणती वाट चालणार हे ठरते. मूठ सोडलेली असताना पायलट जेट काम करतो. मूठ जरा उघडली की स्लाईडच्या खालच्या तिरप्या कापाचा प्रभाव सुरू होतो. पाव ते पाऊण मुठीपर्यंत स्लाईडला लटकलेली निमुळती सुई माप ठरवते. पाऊण मुठीच्या पुढे सत्ता मेन जेटची. चोकची वाट या सर्वांहून वेगळी, आणि ती मूठ बंद असतानाच नीट ओढते. चोक लावून मूठ पिळत किका मारणारे लोक घामाघूम होतात ते यामुळेच.

एवढे कळल्यावर आमच्या गाडीचा आजार घरबसल्या ओळखता आला. चोकवर चालते, म्हणजे वाटीत पेट्रोल आहे आणि ठिणगीही आहे. चोक काढताच बंद पडते, म्हणजे पायलटची वाट बुजली आहे. कार्ब्युरेटर संपला नव्हता. त्याचे एक छिद्र बुजले होते.

कार्ब्युरेटर उतरवून अंगणात उघडला. (हे काम उघड्यावर, चुलीपासून आणि विडीपासून लांब करावे.) उघडताना प्रत्येक भाग जुन्या ताटात ओळीने मांडला आणि कोणता स्क्रू किती फेरे बाहेर होता ते वहीत टिपले. वाटीच्या तळाला गुळाच्या पाकासारखा चिकट तपकिरी थर होता. पेट्रोल उडून जाते आणि मागे हा राळेसारखा गाळ उरतो. कडेने पांढरी भुकटीही होती. ती पाण्याने धातू खाल्ल्याची खूण.

इथे मी चूक केली. मेन जेटचे छिद्र साफ करायला पोलादी तार घेतली आणि जोर लावून फिरवली. पायलट जेट मात्र सुदैवाने रात्रभर स्वच्छ करणाऱ्या द्रवात भिजवला आणि सकाळी पंक्चरच्या दुकानात हवा मारून मोकळा केला. गाडी जोडली. पाचव्या किकेला सुरू झाली आणि चोक काढल्यावरही चालत राहिली. काकू ओसरीवर आल्या. पण रस्त्यावर मूठ पूर्ण उघडली की काळा धूर आणि भरभर आवाज. प्लग काढून पाहिला तर काजळीने माखलेला.

शेजारच्या गल्लीतले म्हातारे मिस्त्रीचाचा ते पाहून हसले. “अरे बाप्पा, जेटात तार घालते काय कोनी? सोनाराचं माप हाय ते.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. जेटवर जो आकडा कोरलेला असतो तो त्याच्या मापाचा असतो. पितळ मऊ, पोलादी तारेने छिद्र केसाएवढे मोठे झाले तरी आकडा खोटा ठरतो. त्याच आकड्याचा नवा जेट आणला आणि काळा धूर थांबला. तेव्हा पहिला नियम असा : जेट भिजवावा, हवेने फुंकावा, उजेडात धरून छिद्र गोल दिसते का ते पाहावे, आत पोलाद घालू नये.

आता दुसरे दुखणे वर आले. मूठ सोडली तरी इंजिन कधी भरधाव फिरे, कधी मरायला टेके. मी हवेचा स्क्रू आत-बाहेर करून थकलो. चाचांनी इंजिनला हातही न लावता विचारले, “कार्ब्युरेटर हेडले कसा बसला ते पाह्यलं काय?” बुलेटचा हा कार्ब्युरेटर दोन नटांनी हेडला आवळलेला असतो. वर्षानुवर्षे नट करकचून आवळल्याने त्याचा चपटा कान मधोमध वाकतो आणि फटीतून चोरटी हवा आत शिरते. काचेच्या सपाट तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून मी तो कान गोल-गोल घासला. कडा चमकल्या पण मध्य काळाच राहिला. म्हणजे तो वाकलाच होता. सगळा सारखा चमकेपर्यंत घासला, नवे पॅकिंग आणि ओ-रिंग घातली, नट बेताने आवळले. चाल स्थिर झाली. मी स्क्रूला दोष देत होतो, दोष फटीचा होता.

झीज झालेले भागही याच वेळी पाहावेत. स्लाईड नळीत खडखडत असेल तर तिच्या कडेनेही चोरटी हवा येते. सुईवर घासल्याची चमकदार रेघ असेल, किंवा ती जिच्यात बसते ती जेट लांबट झाली असेल, तर दोन्ही बदलाव्यात. नीडल वाल्वच्या टोकावर गोल चर पडला असेल तर पेट्रोल ओव्हर होणारच. आणि एअर फिल्टर काढून मोजमाप करू नये, कारण फिल्टरसकट मिळणाऱ्या हवेवरच सारा हिशेब बांधलेला असतो.

मगच ट्यूनिंग. त्याआधी टॅपेट तपासावेत : थंड इंजिनात पुशरॉड बोटांनी फिरावा, पण खाली-वर हलू नये. मग आठ-दहा किलोमीटर फिरवून इंजिन गरम करावे. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर घ्यावा. हा स्क्रू हवेचा असल्याने आत गेला की मिश्रण दाट होते, बाहेर आला की विरळ. स्लाईडच्या स्क्रूने चाल थोडी वाढवून, हवेचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत इंजिन जिथे सर्वांत जोमाने फिरते ती जागा शोधावी. मग चाल पुन्हा खाली आणावी. एका वेळी एकच स्क्रू. दोन एकदम फिरवले की फरक कोणामुळे पडला हे देवालाही सांगता येणार नाही.

पुढची परीक्षा रस्त्यावर. मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा केल्या की गाडी कुठे अडते ते नेमके कळते. आमची गाडी पाव ते अर्ध्या मुठीवर खोकत होती आणि प्लग पांढुरका दिसत होता, म्हणजे मिश्रण विरळ. यंत्रात दोष उरला नव्हता. पेट्रोलच बदलले होते. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले आणि आता बहुतेक पंपांवर तेच असते. इथेनॉलला जळायला नऊपटच हवा पुरते, त्यामुळे अशा मिश्र पेट्रोलचे योग्य प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. जुने जेट मात्र जुन्याच हिशेबाचे. तेवढ्याच छिद्रातून मिळणारे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी विरळ पडते. सुईवरची क्लिप एक खाच खाली सरकवली, म्हणजे सुई तेवढी वर आली. खोकला गेला. प्लगचा रंग फिका तांबूस झाला. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्याने पूर्वीच्या मिस्त्र्यांचा गडद विटकरी रंग आता मिळत नाही. त्याच्या मागे लागू नये.

हेच पेट्रोल हवेतले पाणी ओढते आणि जुने रबर फुगवते. म्हणून नळी आणि रबरी रिंगा इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करावी. सहा वर्षांपूर्वी कुणी एवढे केले असते तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

एप्रिल २०२० पासूनच्या नव्या प्रदूषण-नियमांनंतर नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. तिथे संगणक दर ओढीला पेट्रोल मोजून देतो. तो मोजमापात सरस आहे, यात वाद नाही. आमच्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो, त्यावर दुचाकीला बंदी. बुलेट आपली जुन्या रस्त्याने मंगरूळपीरला जाते आणि वाटेत काही बोलली तर आता मला थोडे कळते. यंत्र कोणत्या क्षणी अडते हे आधी पाहावे, त्या क्षणी त्यातले काय काम करत असते ते आठवावे आणि मगच पेचकस उचलावा, एवढेच मी पंधरा दिवसांत शिकलो. मी मात्र पेचकस आधी उचलला होता.

भंगारवाला परवा पुन्हा आला होता. काकूंनी त्याला चहा दिला आणि मला म्हणाल्या, “बाबू, जरा सुरू करून दाखव त्याइले.”