उबुंटूचा पडदा लहानच राहतो तेव्हा

व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू चालू होतं, पण खिडकी कितीही ताणली तरी पडदा ८०० बाय ६००च. वैतागून काहीजण अख्खं मशीन पुसतात, आतल्या फाइल्ससकट. थांबा, आधी बघूया, आणखी काय बंद आहे? बाहेर कॉपी केलेलं आत पेस्ट होतंय का?

तेही होत नसेल, तर दोष एकट्या पडद्याचा नाही. ही दोन्ही कामं गेस्ट ॲडिशन्सची. आपण 'एलएसमॉड' देतो, 'व्हीबॉक्सगेस्ट' दिसलं की निश्चिंत होतो. पण ४.१६ पासून हे मॉड्यूल लिनक्सच्या कर्नलमध्येच येतं, म्हणजे ॲडिशन्स नसतानाही ते दिसू शकतं! पाहायचं ते 'व्हीबॉक्सक्लायंट' चालू आहे का. नसेल तर जीसीसी, मेक आणि चालू कर्नलचे हेडर्स टाकून ॲडिशन्स पुन्हा बसवूया, मग रीस्टार्ट.

पेस्ट होतंय, पडदाच अडलाय? मशीन बंद करून ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए करायचा.

शेअर्ड फोल्डर दिसतो पण उघडत नाही, ही तक्रार वेगळी. आपलं नाव 'व्हीबॉक्सएसएफ' गटात घालायचं, लॉगआउट करून परत यायचं. इथे सरळ रूट होऊन काम उरकणारे बरेच, आम्हाला ते पटत नाही.