जर-तरचा इतिहास : भाग ७
देवगिरीची धूळ आणि दिल्लीचे तख्त

मागच्या भागात आपण इंग्लंडपर्यंत आलो होतो. 1016 साली असांदूनच्या लढाईत डेन्मार्कच्या क्नूटने इंग्रज राजा एडमंडचा पराभव केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडमंड वारला आणि सगळे राज्य क्नूटच्या हाती आले. पण त्या पराभवाची सुरुवात पंचवीस वर्षे आधी झाली होती. 991 मध्ये इंग्रजांनी उत्तरेकडच्या दर्यावर्दी लुटारूंना 10,000 पौंड देऊन परत पाठवले. 994 मध्ये 16,000 द्यावे लागले, 1002 मध्ये 24,000. पैसे घेऊन गेलेला शत्रू परत येतो, आणि येताना वाढीव मागणी घेऊन येतो. हा हिशेब डोक्यात ठेवून आता घरी येऊ.

घर म्हणजे आपला हा बालाघाट. चिखलीजवळच्या सातगावची हेमाडपंती देवळे, मेहकर, लोणार ही सगळी यादवांच्या काळाची खूण. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत मेहकर आणि लोणार येतात, लीळाचरित्रात ती वाचता येतात. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत, आणि त्याच घरात जिजाऊंचा जन्म झाला. म्हणून 'देवगिरी वाचली असती तर?' हा प्रश्न आमच्या भागात कुणालाही परका वाटत नाही. मात्र तो बहुधा हळहळ म्हणून विचारला जातो. मला तो हिशेबाने विचारायचा आहे.

फेब्रुवारी 1296. कड्याचा सुभेदार अलाउद्दीन काही हजार घोडेस्वार घेऊन निघाला. कुठे जातो हे त्याने आपल्या चुलत्याला, सुलतान जलालुद्दीनला कळू दिले नाही. वऱ्हाडातल्या एलिचपुरावरून, म्हणजे आजच्या अचलपुरावरून, तो देवगिरीवर आला. यादव राजा रामदेवरायाचे मुख्य सैन्य त्या वेळी पुत्र शंकरदेवाबरोबर दूर होते. राजा किल्ल्यात शिरला. तवारीखकार फिरिश्ता सांगतो की गडावर घाईने चढवलेली पोती धान्याची नसून मिठाची निघाली. पुढे शंकरदेव परतला, लढाई त्याच्या बाजूने झुकली. तेवढ्यात वेढ्यावर असलेला नुसरतखान आपली तुकडी घेऊन रणात उतरला. उठलेली धूळ पाहून यादवांना वाटले, दिल्लीची मोठी फौज आली, आणि फळी फुटली.

फिरिश्ताने हे तीनशे वर्षांनी लिहिले, त्यामुळे मिठाची पोती मी जपूनच वापरतो. सैन्य दूर होते, ही खरी कळीची गोष्ट.

आता जर. शंकरदेव देवगिरीतच असता तर? किल्ला जिंकण्याइतके बळ अलाउद्दीनकडे नव्हते. तो वेगाच्या आणि अफवेच्या जोरावर आला होता. रिकाम्या हाताने परतला असता तर चुलत्याला न विचारता केलेल्या स्वारीचा जाब त्याला द्यावा लागला असता. प्रत्यक्षात जुलै 1296 मध्ये त्याने जलालुद्दीनला ठार करवले आणि देवगिरीच्या संपत्तीने दिल्लीचे सरदार फोडले. तवारीखकार बरनी लिहितो, दिल्लीच्या वाटेवर मुक्कामा-मुक्कामाला पाच-पाच मण सोन्याच्या चांदण्या मंजनीकातून, म्हणजे दगडफेकीच्या यंत्रातून, लोकांवर उधळल्या जात. ते सोने आपले होते. या 'जर'चा पहिला परिणाम म्हणूनच महाराष्ट्रात नव्हे, दिल्लीत दिसतो. सोने नसते तर अलाउद्दीन सुलतान होण्याची शक्यता फार कमी होती. मग 1299 आणि 1303 मध्ये मंगोल दिल्लीच्या वेशीशी आले, तेव्हा त्यांच्यापुढे कोण उभा राहिला असता? देवगिरी वाचली म्हणजे सगळे बरे झाले असते, असे मला मुळीच म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न क्नूटकडून येतो. तो इंग्लंडमध्ये राहिला. एडमंडच्या आधीच्या राजाच्या विधवेशी, एमाशी, त्याने लग्न केले, इंग्रजांचे कायदे चालू ठेवले, 1018 मध्ये 72,000 पौंडांची जबर वसुलीही केली. ही वसुली जमली, कारण इंग्लंडचे करयंत्र शाबूत होते आणि ते त्याने आयते उचलले. देवगिरीकडेही असे यंत्र होते. हेमाद्री पंडित त्याच यंत्राचा, म्हणजे श्रीकरणाचा, अधिपती होता. अलाउद्दीनला ते नको होते. त्याने खजिना घेतला, एलिचपूरचा महसूल लावून घेतला आणि निघून गेला. राजा, कारभारी, देवळांची दाने सगळे जागेवर राहिले. त्यामुळे 1296 नंतरही रामदेवराय राज्य करत होता, पण खंडणीच्या ओझ्याखाली. खंडणी थकली तेव्हा 1307 मध्ये अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला. रामदेवरायाला दिल्लीस नेले, 'रायरायान' पदवी देऊन परत पाठवले, आणि पुढे वरंगळ व द्वारसमुद्राच्या स्वाऱ्यांत त्याने काफूरला मदत केली. 991 चा इंग्रजी हिशेब इथे मराठी मुलखात पुन्हा मांडला गेला. फरक इतकाच की इथे खंडणी देणाऱ्यानेच शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या फौजेला वाट दाखवली.

पुढच्या भागात शंकरदेव. बाप गेल्यावर त्याने खंडणी नाकारली आणि लढता लढता मारला गेला. त्याने ती देत राहायचे ठरवले असते, तर यादवांचे राज्य 1317 नंतरही टिकले असते का, हे तेव्हा पाहू.