लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायचंय? अर्ज परदेशात केला तरी तपासणी गावातच होते

दोन वर्षांपूर्वी ऐन भातलावणीत माझे थोरले बंधू गेले. त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, तेव्हा दुबईत होती. जावयांनी रात्रीच तिचं तिकीट काढलं. घाईत तिकिटावर नाव टाकलं ते सासरचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, घरात, फोनवर, नातेवाईकांत सगळीकडे तेच नाव चालत होतं. पण पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यावर नाव माहेरचं. विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने दोन्ही नावं बघितली आणि तिला बाजूला बसवलं. तिकीट फुकट गेलं. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने ती आली तेव्हा स्मशानातून आम्ही परत येऊन बसलो होतो.

त्यात विमान कंपनीची चूक नव्हती. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच पाहिजे, हा जगभरचा नियम आहे. चूक आमची होती. लेक परदेशात, पण तिच्या कागदांकडे कुणी बघितलं नव्हतं. आपल्या कर्जत, पनवेल, उरण, पेण भागातली बरीच मुलंमुली आता आखातात, युरोपात, जहाजावर आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, म्हणजे विमान तर आता आपल्या उशाशी आलं. म्हणून आम्ही जे ठेचा खाऊन शिकलो ते इथे सांगतो.

नाव बदलणं सक्तीचं आहे का?

नाही. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. एप्रिल २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही हे जाहीरपणे सांगितलं होतं. पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, तो संपेपर्यंत माहेरच्या नावाने बिनधास्त वापरता येतो. संपल्यावरही त्याच नावाने नवा काढता येतो. नाव तेच ठेवून नवऱ्याचं नाव फक्त जोडीदाराच्या रकान्यात घालता येतं.

ज्यांच्या पदव्या, नोकरीचे करार, लायसन माहेरच्या नावावर आहेत त्यांच्यासाठी हाच मार्ग सोपा. फक्त एक पथ्य पाळायचं. पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने तिकीट, त्याच नावाने व्हिसा. घरात काय हाक मारतात त्याचा तिथे संबंध नाही.

नाव बदलायचं असेल तर मात्र अर्धवट बदलू नका. आधारवर सासरचं, पासपोर्टवर माहेरचं, बँकेत तिसरंच, अशाने पुढे माणूस अडकतो.

‘रिन्यू’ म्हणजे नेमकं काय?

आपण रिन्यू म्हणतो, पण जुन्याच पुस्तकावर मुदत वाढवून मिळत नाही. नवीन पुस्तक मिळतं आणि नंबरही नवीन येतो. अर्जात याला ‘री-इश्यू’ म्हणतात. मुदत संपली हे एक कारण, नाव बदललं हे दुसरं कारण. दोन्ही एकाच अर्जात टाकता येतात. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो.

अनेक देशांत पासपोर्टला निदान सहा महिने शिल्लक असल्याशिवाय आत घेत नाहीत. म्हणून शेवटच्या महिन्याची वाट बघू नका.

जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात. तो टाकून देऊ नका. त्यात चालू व्हिसा असेल तर प्रवासात जुना आणि नवा दोन्ही जवळ ठेवावे लागतात.

पहिला कागद: लग्नाचा दाखला

इथेच आमची गाडी अडली होती. लग्न गावात मांडव घालून झालं, चारशे माणसं जेवली, पण नोंदणी कुणी केली नाही. पुतणी महिन्याच्या रजेवर आली होती, हळद उतरायच्या आत परत गेली.

महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सगळ्या राज्यांना लग्नाची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. खेड्यात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते, ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी ती करतात. नवी मुंबईत महापालिकेकडे होते. लग्न जिथे लागलं तिथे किंवा नवरा-नवरी राहतात तिथे अर्ज करता येतो. तीन साक्षीदार लागतात, भटजींची सही लागते, लग्नाचा फोटो आणि पत्रिका लागते. नव्वद दिवसांच्या आत केलं तर फी किरकोळ, उशीर झाला तर थोडी वाढते. पण उशिरा का होईना, नोंदणी होते.

मुख्य अडचण अशी की नवरा-बायको दोघांनी समोर हजर राहावं लागतं. आमचे जावई तेराव्याला आले होते. घरात दुःख असताना हे कसं बोलायचं म्हणून मी गप्प होतो. शेवटी वहिनींनीच विषय काढला, “पोरगी पुन्हा अडकायला नको, भावजी. दोघं इथे आहेत तोवर सह्या करून घ्या.” चौदाव्या दिवशी आम्ही ग्रामपंचायतीत बसलो होतो. म्हणून सांगतो, लग्नाच्या आठवड्यातच नोंदणी उरकून घ्या. मुलगा-मुलगी दोघं रजेवर एकत्र असण्याचे दिवस फार थोडे असतात.

हाच दाखला परदेशात इतर कामांनाही लागतो, बायकोचा व्हिसा काढताना आणि बाळंतपणातसुद्धा. त्यासाठी दाखल्यावर आधी राज्य शासनाचं आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरण करून घ्यावं लागतं. बऱ्याच देशांत त्यानंतरचा ‘अपोस्टिल’ चालतो. दुबईसाठी मात्र यूएईच्या वकिलातीचंही प्रमाणीकरण लागतं.

तांदळातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव

आपल्याकडे लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो. हौस म्हणून ठीक आहे. पण पासपोर्टच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या.

एक, नाव तेच ठेवून वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव लावणं. यासाठी लग्नाचा दाखला आणि नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत हे मुख्य कागद.

दोन, पहिलं नावच बदलणं, म्हणजे माहेरची सुरेखा सासरी संध्या झाली तर. याला नुसत्या लग्नाच्या दाखल्यावर भागत नाही. प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात किंवा राजपत्र म्हणजे गॅझेट, अशी वेगळी वाट आहे. महाराष्ट्राच्या राजपत्रासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो. पण दहावीच्या मार्कलिस्टपासून सगळीकडे एक नाव आणि पासपोर्टवर दुसरंच, हा जन्माचा ताप होतो. गरज नसेल तर पहिलं नाव बदलू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्ज भरताना दोन रकाने असतात. ‘गिव्हन नेम’ मध्ये स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव, ‘सरनेम’ मध्ये फक्त आडनाव. आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका. नोव्हेंबर २०२२ पासून यूएईने पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा आडनाव न लिहिलेले बरेच लोक अडकले. स्पेलिंगही नवऱ्याच्या पासपोर्टवर जसं आहे अक्षरशः तसंच घ्या. एक ‘ए’ कमीजास्त झाला तरी पुढे त्रास होतो.

परदेशातून अर्ज कसा करायचा?

भारतीय वकिलातीच्या पासपोर्ट सेवेच्या वेबसाईटवर अर्ज भरायचा, प्रिंट काढायची, वेळ घ्यायची आणि कागद घेऊन स्वतः जायचं. बऱ्याच देशांत वकिलातीने खासगी कंपनीची केंद्रं नेमलेली आहेत, अर्ज तिथे घेतात. कंपन्या बदलत राहतात, म्हणून मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्या पत्त्यावर जाऊ नका. वकिलातीच्या स्वतःच्या वेबसाईटवर बघूनच जा. फी त्या देशाच्या पैशात भरायची असते.

सोबत जुना पासपोर्ट, तिथल्या राहण्याच्या परवान्याची प्रत, लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत आणि सांगितलेल्या मापाचा फोटो. मूळ कागद दाखवायला न्यावे लागतात, म्हणून दाखला गावच्या कपाटात ठेवून जाऊ नका.

गुगलवर पासपोर्ट शोधलं की पैसे उकळणाऱ्या खोट्या साईट वर दिसतात. सरकारी साईटचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो, तेवढं बघा. भारतातून शंका विचारायची असेल तर १८००-२५८-१८०० हा पासपोर्ट सेवेचा टोल फ्री नंबर आहे.

पोलीस मात्र गावात येतात

आमची दुसरी चूक इथे झाली. पुतणीने दुबईत अर्ज केला तेव्हा भारतातला पत्ता म्हणून सासरचा कोपरखैरण्याचा पत्ता लिहिला. नवऱ्याच्या पासपोर्टवर तोच होता. पण सासू-सासरे त्या भाड्याच्या खोलीतून सहा महिन्यांपूर्वीच कळंबोलीला गेले होते. पोलीस तपासणीला गेले, दाराला कुलूप. शेजारी नवे, ते म्हणाले, अशा नावाचं इथे कुणी नाही. तसाच रिपोर्ट वर गेला आणि अर्ज रखडला. मग खुलासा द्या, नवीन पत्त्याचा पुरावा द्या, पुन्हा तपासणी. यात तीन महिने गेले. तेवढ्यात पुतणीला दिवस गेलेले, तिकडे तिचा जीव टांगणीला.

परदेशातल्या अर्जाचीही तपासणी आपल्या इथल्या पोलिसांकडे येते. कधी पासपोर्ट देण्याआधी, कधी दिल्यानंतर. नवी मुंबई, पनवेल, उरण हा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो, आमच्या कर्जतसारखे तालुके रायगड पोलिसांकडे. त्यामुळे अर्जात पत्ता कोणता लिहिला यावर कुठलं पोलीस स्टेशन हे ठरतं. जिथे आज घरचं माणूस राहतं आणि पत्त्याचा पुरावा आहे तोच पत्ता लिहा. घरच्यांना अर्जाची प्रत व्हॉट्सॲपवर पाठवा. पोलिसांचा फोन आला तर गोंधळू नये, आधारच्या आणि जुन्या पासपोर्टच्या प्रती तयार ठेवाव्यात. शेजारच्या दोन घरांनाही सांगून ठेवा. या तपासणीला पैसे द्यायचे नसतात.

पासपोर्ट हातात आल्यावर

काम तिथे संपत नाही. नवीन नंबर आणि नवीन नाव तिथल्या व्हिसाच्या किंवा निवासाच्या नोंदीत, कंपनीत आणि बँकेत लावून घ्यावं लागतं. मग भारतातलं पॅन, बँक. परदेशात राहणाऱ्यांना आधारमध्ये बदल करताना ओळखीचा पुरावा म्हणून भारतीय पासपोर्टच लागतो, म्हणून त्यांनी आधी पासपोर्ट, मग आधार असा क्रम ठेवावा. जी मुलगी अजून गावातच आहे आणि लग्नानंतर जाणार आहे, तिने उलटं करावं. आधी लग्नाचा दाखला, मग आधार, मग पासपोर्ट आणि सगळ्यात शेवटी व्हिसा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हे लक्षात ठेवा. इथे ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये आहे आणि २०१७ पासून बऱ्याच डाकघरांतही पासपोर्टची केंद्रं झाली आहेत.

बाळ परदेशात झालं तर त्याची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करायची. त्यावर आईचं नाव तिच्या पासपोर्टवर असेल तसंच पाहिजे.

शेतकऱ्यांच्या घरासाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. सातबाऱ्यावर, वारस नोंदीत मुलीचं नाव बहुधा माहेरचं असतं. मार्च २०२४ च्या मंत्रिमंडळ निर्णयात राज्य सरकारने स्त्रीला लग्नाआधीच्या नावाने मिळकतीच्या कागदात नाव लावायला मुभा दिली आहे. पासपोर्टवर सासरचं नाव आलं म्हणून वडिलांच्या जमिनीवरचा हक्क जात नाही. पण ही दोन नावं एकाच बाईची, हे दाखवायला पुन्हा तोच लग्नाचा दाखला कामी येतो.

अगदीच अडचण आली, पासपोर्ट हरवला, मुदत संपली आणि घरी तातडीने यायचं असेल, तर वकिलातीकडून एका वेळच्या परतीच्या प्रवासासाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळू शकतं. तक्रार असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे.

पुतणीला नवा पासपोर्ट मिळाला, बाळही झालं. वर्षश्राद्धाला ती आली तेव्हा तिकीट तिने स्वतः काढलं होतं आणि काढायच्या आधी पासपोर्टचा फोटो मला पाठवून विचारलं होतं, “काका, एकदा स्पेलिंग बघा हो.”

तुमच्या घरात कुणी परदेशात असेल तर आज संध्याकाळी फोनवर तीनच गोष्टी विचारा: पासपोर्ट कधी संपतो, त्यावर नाव कोणतं आहे, आणि लग्नाचा दाखला कुठे आहे? ही बातमी गावच्या ग्रुपवर टाका, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.