परदेशी रुग्णालयात रुळताना

परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या अनेक मुली, आणि आता मुलेही, इंग्लंडला जाण्याचे स्वप्न पाहतात. पगार, व्हिसा, विमानाचे तिकीट यांची चौकशी घरोघर होते. परंतु तिथल्या वॉर्डात पाऊल ठेवल्यावर काय बदलते, हे क्वचितच कोणी सांगते.

प्रथम नोंदणीविषयी. ब्रिटनमध्ये ती ‘नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल’ करते. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, संगणकावरील परीक्षा आणि ‘ऑस्की’ ही १० टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. पहिल्या दोन भारतात देता येतात, ऑस्की मात्र ब्रिटनमध्येच होते. नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत परिचारिका म्हणून काम करता येत नाही. तेथील परदेशी भरतीच्या आचारसंहितेनुसार एजन्सीने नोकरी मिळवून देण्याचे शुल्क उमेदवाराकडून घ्यायचे नसते. दागिने गहाण टाकून एजंटाचे खिसे भरण्यापूर्वी पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

आता वॉर्डाविषयी. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, औषध दुकानातून आणणे ही कामे बहुधा नातेवाईक करतात. तिथे नातेवाईक भेटायला येतात. अंघोळ, भरवणे, कूस बदलणे ही परिचारिका व तिच्या मदतनिसांची कामे असतात. ‘हे तर आयाचे काम’ असे काहींना सुरुवातीला वाटते. परंतु अंघोळ घालतानाच पाठीवरचा लालसर डाग दिसतो आणि बेडसोअर होण्याआधी उपाय करता येतो. म्हणून या कामाला तिथे कमीपणा नाही.

दुसरा धक्का कौशल्याचा. इथे रोज शिरेत सुई लावणाऱ्या अनुभवी सिस्टरलाही तिथे अनेकदा रुग्णालयाचे प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत ते काम करू देत नाहीत. हा अपमान समजू नये, तो तिथला नियम आहे. रुग्णसेवा करताना हातात बांगड्या किंवा मनगटी घड्याळ चालत नाही, तेही संसर्ग टाळण्यासाठीच. भाषाही पुस्तकातली नसते. एखाद्या आजी ‘एक पेनी खर्च करायची आहे’ असे म्हणाल्या, तर त्यांना शौचालयात जायचे आहे असे समजावे!

मात्र सर्वांत कठीण बदल बोलण्याचा आहे. तिथे श्वासांची गती, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान यांच्या नोंदींवरून रुग्णाला गुण दिले जातात. ही ‘न्यूज’ पद्धत २०१२ साली आली व २०१७ साली सुधारली गेली. बेरीज ७ किंवा अधिक झाली की तातडीने डॉक्टरांना बोलवायचे असते. फोनवर चार गोष्टी क्रमाने सांगायच्या : आताची परिस्थिती, पार्श्वभूमी, आपले मूल्यमापन आणि आपली शिफारस. पहिल्या तीन गोष्टी आपल्या मुली चोख सांगतात. चौथीपाशी मात्र जीभ अडखळते. ‘आपण लगेच येऊन पाहावे असे मला वाटते’ हे डॉक्टरांना सांगायचे कसे? आपल्या घरात, शाळेत आणि रुग्णालयातही मोठ्यांपुढे गप्प राहणे म्हणजेच नम्रता, असे शिकवले जाते. परंतु मध्यरात्री त्या एका वाक्यावर रुग्णाचा जीव अवलंबून असू शकतो. चुकीचा डोस दिला गेला, तर ‘डॉक्टरांनी लिहिले होते’ एवढे उत्तर तिथे पुरत नाही. ज्याची नोंदणी, त्याची जबाबदारी.

तेव्हा विद्यार्थ्यांनी इंग्रजीबरोबर ही सवयही आजपासूनच लावावी. राउंडच्या वेळी एक तरी प्रश्न विचारावा. मैत्रिणीसमोर मोठ्याने रिपोर्ट द्यावा. तोंडी सूचना मिळाली की ती पुन्हा म्हणून दाखवावी. समजले नाही तर ‘हो’ म्हणून मान हलवू नये, ‘पुन्हा सांगता का?’ असे विचारावे. ही सवय इंग्लंडला न गेलेल्या परिचारिकेच्याही उपयोगी पडेल, आणि तिच्या रुग्णाच्या तर त्याहून अधिक.