५६२ मायक्रोसेकंदांचा हिशेब

हिंगोली जिल्ह्यात इन्फ्रारेड म्हटलं की आता औंढा नागनाथजवळचा, गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीचा लायगो-इंडिया प्रकल्प आठवतो. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले २,६०० कोटी. मला मात्र हिंगोली शहरातल्या एका हळदीच्या अडत्याच्या घरी जायचं होतं. त्याचा मुलगा पुण्यातल्या कंपनीसाठी मागच्या खोलीत बसून रिमोटचे अवरक्त संदेश वाचणाऱ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरची चाचणी घेतो, असं कळलं होतं. बटण दाबलं, आवाज वाढला. यात तपासायचं ते काय, हे मला बघायचं होतं.

खोलीत शिरताच हळदीचा वास आला. खिडकीला बारदान ठोकलं होतं. उन्हात अवरक्त किरण भरपूर असतात. रिसीव्हर सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा प्रकाशच ओळखतो खरा, पण लख्ख उजेडात त्याची नजर आखूड होते. म्हणून पहिली फेरी अंधारात.

जोडणी झटपट झाली: तीन पायांचा रिसीव्हर, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक-बोर्ड, कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ, रिबूट. वेळ गेला तो पाठवणाऱ्या बाजूला. हाताने रिमोट दाबणं त्याला चालत नाही. दुसरा बोर्ड ठरलेल्या अंतराने संदेश पाठवतो. त्याचा एलईडी पेटतोय का, हे त्याने मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहिलं. पडद्यावर जांभळट ठिपका उमटला. "आधी पाठवणाराच बरोबर पाठवायलाय का ते बघावं लागतं, सर. त्याचाच ठोका चुकला तर परीक्षा कुणाची घेतली?"

मग त्याने तो आकडा सांगितला, ५६२. एनईसी पद्धतीच्या रिमोटमध्ये आधी नऊ मिलिसेकंदांची लांब हाक, मग साडेचार मिलिसेकंद शांतता आणि त्यानंतर प्रत्येक स्पंद ५६२ मायक्रोसेकंदांचा. पुढची शांतताही तेवढीच असेल तर शून्य, तिप्पट असेल तर एक. सिग्नल चढला-उतरला की बोर्डाला इंटरप्ट जातो, ड्रायव्हर वेळ टिपतो. सगळी भिस्त त्या टिपणीवर.

आणि इथेच त्याची मांडणी मला फार आवडली. रिसीव्हरच्या त्याच वायरवर त्याने लॉजिक अ‍ॅनालायझरही लावला होता. वायरवर काय घडलं ते एका खिडकीत, ड्रायव्हरने काय ऐकलं ते शेजारच्या खिडकीत. बोर्ड निवांत होता तोवर दोन्हीकडे ५६२ च्या आसपासचेच आकडे. मग त्याने प्रोसेसरवर मुद्दाम कामाचा बोजा टाकला. अ‍ॅनालायझर ५६२ वर ठाम. ड्रायव्हरच्या खिडकीत मात्र सहाशेच्या पुढचे आकडे दिसू लागले. इंटरप्टला उशीर होत होता. बोर्डावरच्या लिनक्सचा, संदेश उलगडणारा डीकोडर निम्म्या स्पंदापर्यंतची चूक पोटात घालतो, म्हणून बटणं ओळखली जात होती. "रिमोट चालायलाय म्हणून ड्रायव्हर पास, असं नसतंय ना सर," तो म्हणाला.

लिनक्स कर्नलसोबत इन्फ्रारेडची एक तयार चाचणीही येते. ती खोट्या उपकरणातून संदेश पाठवते आणि परत घेते. डीकोडर त्यात नीट तपासला जातो. पण तिथे ना एलईडी, ना ऊन, ना उशिरा पोचणारा इंटरप्ट. एवढ्यावर ड्रायव्हर उत्तीर्ण करणं मला तरी पटत नाही. टीव्ही असतो तो बैठकीत, दारातून येणाऱ्या मराठवाड्याच्या उन्हात.

दुपारी त्याने बारदान काढलं. खोली उजेडाने भरली, हळदीचा वास तसाच. अंतर वाढवत नेलं तसे काही संदेश हरवू लागले. प्रत्येक हरवलेल्या संदेशाची वेळ तो अ‍ॅनालायझरवर शोधत होता. वायरवर संदेश पुरा दिसला तर दोष ड्रायव्हरचा. वायरवरच नसेल तर रिसीव्हरचा किंवा उजेडाचा. त्या दुपारचे सगळे दुसऱ्या रकान्यात गेले.