सहरीला कोडे, इफ्तारनंतर उत्तर

रमजानात आमच्या घरी तीन अलार्म लावलेले असतात आणि तिन्ही वाया जातात. जाग येते ती अम्मीच्या तव्याच्या आवाजाने. डोळे चोळत फोन हातात घ्यावा, तर सदाशिव पेठेतल्या काकूंचा संदेश आधीच येऊन पडलेला असतो, ‘उठलीस का गं? कोडे टाक.’ काकूंचा रोजा नसतो. त्या निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या. चारनंतर झोप लागत नाही, म्हणून महिनाभर आमच्या सहरीच्या वेळी त्याही आपला चहा टाकतात.

आमचा हा व्हॉट्सअ‍ॅप गट २०२०च्या रमजानात जमला. टाळेबंदी होती, मशिदी बंद होत्या, ईदला शिरखुर्मा प्यायला कोणी येऊ शकणार नव्हते. मग जुने शेजारी, कॉलेजातले सहकारी, असे नऊ जण फोनवरच भेटू लागलो. टाळेबंदी उठली, गट राहिला. नियम एकच. कोडे सहरीला पडणार, उत्तर मगरिबनंतर फुटणार. दिवसभर उपाशी राहणे एक वेळ सोपे, पण सुचलेले उत्तर पोटात ठेवणे महाकठीण, असे कोंढव्यातला आमचा मित्र म्हणतो.

एवढ्या वर्षांत एकमेकांच्या खोडीही पाठ झाल्या आहेत. हा कोंढव्याचा मित्र रोजा सोडताना खजूर तीन किंवा पाचच खातो, चार कधीच नाही. सोलापूरहून आलेली मैत्रीण उत्तर विजेच्या बिलामागे लिहून फोटो पाठवते, टाइप करणार नाही. बँकेतून निवृत्त झालेले काका प्रत्येक संदेशाखाली तारीख घालतात. फोन ती आपणहून दाखवतो, हे त्यांना मान्य नाही. माझी खोड म्हणजे चहाचा शेवटचा घोट राखून ठेवायचा आणि अजानच्या जरा आधी घाईघाईने संपवायचा. अम्मी दरवर्षी रागावते.

कोडी घालायची हौस आपल्याकडे जुनीच. अमीर खुसरो (१२५३–१३२५) यांच्या नावावर पहेल्या आहेत, तशा मुकऱ्याही. मुकरीत एक सखी असे वर्णन करते की ऐकणारीला वाटावे, ही प्रियकराबद्दलच बोलते आहे. तसे विचारले, की पहिली कानांवर हात ठेवते आणि भलत्याच वस्तूचे नाव घेते. मराठीत उखाणा म्हणजे आज लग्नात नाव घेणे, पण कोडे हाही त्याचा जुना अर्थ आहे. गाण्याच्या भेंड्या तुम्ही खेळता, आमच्याकडे शेरांची बैतबाजी रंगते. दोन्हीकडे शेवटच्या अक्षरावर पुढच्याची कोंडी.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन घरांत वावरणारी, म्हणून माझी कोडी दोन घरे असलेल्या शब्दांची. ‘उर्दू घरात मला पुस्तके लागतात, पुण्याच्या पेठेत लाल माती.’ याचे उत्तर पहिले काकूंनी दिले, तालीम. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. इथे चिंचेची तालीम, नगरकर तालीम आणि दंड-बैठका. तिथला उस्ताद इथे वस्ताद झाला. दुसरे कोडे, ‘उर्दूत केले तर भांडण मिटते, मराठीत दिले तर नोकरी जाते.’ राजीनामा. मूळ अर्थ राजीखुशीचा, तडजोडीचा कागद. ‘उर्दूत हललो की होते, मराठीत अडलो की घेतात’, ती हरकत. सर्वांत गाजले ते हे, ‘अरबस्तानात मला सलात म्हणतात, संस्कृतातला माझा चुलतभाऊ हात जोडतो.’ नमाज हा शब्द अरबी नाही, फारसी आहे आणि त्याचे मूळ संस्कृत ‘नमस्’शी नाते सांगणारे आहे. त्या संध्याकाळी सोलापूरच्या मैत्रिणीने विजेची दोन बिले खर्ची घातली.

आणि मग गेल्या रमजानात, दहाव्या रोज्याला, काकांनी एक फॉरवर्ड टाकला. ‘मराठीतले परके शब्द हद्दपार करा. फक्त शुद्ध मराठीच जाहीरपणे वापरा. त्याशिवाय भाषा वाचणार नाही.’ खाली तारीख.

त्यांना माझ्याविषयी काही म्हणायचे नव्हते, हे मला कळत होते. तरी घास उतरेना. शब्द परके, तर ते घरात बोलणारी मी कोण? मी माधव जूलियनांचे नाव पुढे केले. फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवणाऱ्या या कवीने फारसी-मराठी कोश केला, १९२५ साली, याच पुण्यात. काकांचे उत्तर तयार होते. ‘त्याच जूलियनांनी १९३८ साली भाषाशुद्धि-विवेक लिहिला. आणि शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, तो कशासाठी?’ दोन्ही गोष्टी खऱ्या. कोश करणारा आणि शुद्धीचा आग्रह धरणारा माणूस एकच, हे मी वर्गात सांगायची, पण घाईत. माझ्याकडे उत्तर नव्हते. रात्री तरावीहनंतरही गट गप्प होता.

दुसऱ्या पहाटे मी कोडे टाकले नाही. ‘उठलीस का गं?’ हेही आले नाही. पाच वाजता काकूंनीच कोडे घातले. काकांचा फॉरवर्ड जसाच्या तसा आणि खाली एक ओळ, ‘यात तीन परके पाहुणे लपले आहेत. ओळखा.’

दिवसभर कोणी ब्र काढला नाही. कॉलेजात दोन तास घेतले, लक्ष फोनकडे. मगरिब झाली, पाणी प्यायले, खजूर तोंडात टाकला आणि फोन वाजला. काकाच होते. ‘हद्द, फक्त, जाहीर. पण काकू, तुम्ही चुकलात. तीन नव्हे, चार. ‘शिवाय’ही अरबी ‘सिवा’वरून आलेला. माझे मत बदललेले नाही.’ खाली तारीख.

काकूंनी लिहिले, ‘मत राहू द्या. एक गुण जास्त दिला आहे.’

काका शुद्धीच्या बाजूने अजूनही भांडतात, मी अजूनही कोश उघडते. ईदला ते घरी आले, शिरखुर्म्याची दुसरी वाटी मागून घेतली. या खिरीला शुद्ध मराठी शब्द सुचवा, असे कोंढव्याच्या मित्राने विचारले. काकांनी बराच विचार केला आणि वाटी पुढे केली, ‘आधी अजून थोडा वाढा.’

आज पहाटेचे कोडे तुमच्यासाठीही : ‘उर्दूत मी खातो ती हार, मराठीत मी करतो तो जिवापाड प्रयत्न. तीन अक्षरे, त्यातले एक जोडाक्षर.’ उत्तर इफ्तारनंतर.