पाऊस शिकवायचा कसा?

महाराष्ट्रात शाळा उघडते ती पावसाच्या तोंडावर. त्यामुळे विशेष शाळांच्या वार्षिक नियोजनात जून-जुलैसाठी बहुधा एकच विषय असतो : पाऊस. भिंतीवर निळ्या कागदाचे थेंब लटकतात, होड्या होतात, बेडकाच्या चित्रात हिरवा रंग भरला जातो. दिसायला हे छान असतं. पण बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला त्यातून पाऊस कळतो का? कागदी थेंबाचा अंगावर पडणाऱ्या पाण्याशी संबंध जोडणं, हीच या मुलांपैकी अनेकांची अडचण असते. म्हणून ऋतू आधी अंगावर घ्यावा. चित्र सगळ्यात शेवटी.

रेनकोटच घ्या. तो घालणं ही आपल्या लेखी एकच कृती. विशेष शिक्षिका तिचे तुकडे पाडते : खुंटीवरून काढणं, सुलटा धरणं, एक हात घालणं, दुसरा मागे नेऊन बाही शोधणं, कडा जुळवणं, बटणं दाबणं, टोपी ओढणं. याला कार्यविश्लेषण म्हणतात. पुष्कळदा शिकवणं शेवटाकडून सुरू होतं. बाकी सगळं बाई करतात, टोपी तेवढी मूल ओढतं. ते जमलं की शेवटचं बटणही त्याचं. काम पुरं केल्याचा आनंद अशाने रोज मुलाच्याच वाट्याला येतो. पहिल्या पायरीपासून सुरुवात केली तर ते मध्येच अडकतं आणि कंटाळतं. सेरेब्रल पाल्सीमुळे बोटांत जोर नसेल तर बटणांच्या जागी वेल्क्रो शिवून घ्यावं. पाऊस सरेपर्यंत रोजचा सराव मिळतो, आणि तोही खऱ्या गरजेपोटी.

भाद्रपदाच्या तोंडावर गणपतीच्या मूर्तीसाठी वर्गात शाडू येतो. ओली माती बोटाला लागली की काही स्वमग्न मुलं किंचाळतात. तो हट्ट नसतो. स्पर्शाची तीव्रता त्यांना वेगळीच जाणवते. अशांनी आधी कोरडी माती चाळावी, मग जाड प्लास्टिकच्या बंद पिशवीतला ओला गोळा बाहेरून दाबावा, पुढे जमलंच तर एक बोट लावावं. चाळण्यापाशीच थांबलेल्या मुलाचाही त्या मूर्तीत पुरेपूर वाटा असतो. त्याच वर्गात दुसऱ्या एखाद्याच्या हातून माती सुटत नाही, मळता मळता ते शांत होतं. म्हणूनच प्रत्येकाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा हाताशी ठेवून एकाच उपक्रमातली कामं वेगवेगळी वाटायची असतात.

सण आला की रोजचा क्रम मोडतो, आणि क्रमावर भिस्त असलेल्या मुलाचा जीव घाबरा होतो. एरिक शॉपलर यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात रुजवलेल्या ‘टीच’ पद्धतीत चित्रांच्या वेळापत्रकाला मोठं स्थान आहे, ते यासाठीच. उद्या ढोल वाजणार असेल तर ढोलाचं चित्र आजच लावावं, आणि आवाज सोसला नाही तर कुठल्या खोलीत जायचं, त्याचंही.

दिवाळीच्या प्रदर्शनात पणत्या फारच सुबक दिसल्या की मला शंका येते. रेषा बाईंनी सारखी केलेली असते. मुलाचा हात जिथे थरथरला, तिथला रंग तसाच राहू द्यावा. विकत घेणाऱ्यांनीही तशीच पणती उचलावी. सोळा वर्षांच्या मुलाला तर बाळबोध चित्रं रंगवायला देणं हा त्याच्या वयाचा अपमानच. त्याला पणत्या मोजून खोक्यात भरू द्याव्यात, पैसे घेऊ द्यावेत. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण तो 6 ते 18 या वयापुरता. पुढे हातात काय असेल, याची तयारी अशा कामांतूनच होते.

संक्रांतीला तीळ निवडण्यापेक्षाही मोठा धडा तिळगूळ देण्यात असतो : समोर जाणं, हात पुढे करणं, थांबणं. न बोलणाऱ्या मुलाला एक बटण देता येतं. दाबलं की ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असं ध्वनिमुद्रित वाक्य वाजतं. आवाज मात्र त्याच्याच वयाच्या मुलाचा भरावा, बाईंचा नको. आणि बटणापर्यंत हात पोचायला त्याला लागेल तेवढा वेळ समोरच्याने थांबावं, त्याच्या वतीने आपण दाबू नये.